खुडूक

परवा रविवारी गावी काकूला फोन केला होता. भात झोडून झालं का, पोफळींना पाणी चालू केलं का, गुडघा कसा आहे, असं नेहमीचं सगळं बोलून झालं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि हो रे, तांबडी खुडूक बसलीय." आवाजात असा आनंद की क्षणभर मला वाटलं घरात कुणाचं तरी लग्न ठरलं. बायकोने विचारलं काय झालं, तर मी म्हटलं तांबडी खुडूक बसली. तिला वाटलं कोंबडी आजारी पडली आणि काकू दुःखात आहे..

तिचीही चूक नाही. शहरात हा शब्द उरलाय तो माणसांपुरता. कामधाम सोडून कोपरा धरून बसलेला तो खुडूक. आणि कोंबडीच्या बाबतीतही हिशेबी माणसाला अर्थ तोच लागतो: अंडी द्यायची थांबली, म्हणजे कामातून गेली. पण आमच्या रत्नागिरीकडच्या घरात खुडूक कोंबडी ही बातमी असायची, आणि चांगली बातमी. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे आले, हे दोन दिवस डोक्यात घोळतंय. म्हणून लिहून काढतो. भाऊबहिणींनी काही चुकलं असेल तर कान धरावा.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. गावठी कोंबडी दहाबारा अंडी घालते आणि एक दिवस खुराड्यातून उठतच नाही. जवळ गेलं की पिसं फुलवते, घशातल्या घशात गुरगुरते, हात घातला तर चोचीने फोडून काढते. पोटाखालची पिसं झडून कातडी उघडी पडते आणि चांगली गरम लागते. हे सगळं घडवणारं संप्रेरक म्हणजे प्रोलॅक्टिन, ज्याच्यामुळे गाईम्हशींना आणि बायकांना दूध येतं तेच. १९३५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अंड्यावरच्या कोंबड्यांना ते टोचून पाहिलं, तर त्या चक्क खुडूक बसल्या.

आजीला प्रोलॅक्टिन माहीत नव्हतं, पण ते चढवायचं कधी आणि उतरवायचं कसं हे पक्कं माहीत होतं. कोंबडी पावसाळ्यात खुडूक झाली तर नको असायची, कारण आमच्याकडच्या ओलीत पिल्लं जगत नाहीत. मग तिला थंड पाण्यात बुडवून काढायचं, डालग्याखाली कोंडायचं, फारच हट्टी असली तर तिचंच एक पीस नाकपुड्यांतून आरपार घालायचं. (हे मला बघवायचं नाही, मी पडवीत पळून जायचो.) पोटाखालची ऊब गेली की प्रोलॅक्टिन उतरतं आणि कोंबडी पुन्हा अंड्यावर येते, असं आता पुस्तकांत वाचायला मिळतं.

दिवाळी झाली, भात घरात आलं, की मात्र खुडूक कोंबडीची वाट बघणं सुरू. जुन्या पाटीत राख, तिच्यावर पेंढा, पिसवा होऊ नयेत म्हणून निगडीचा पाला. आठदहा दिवसांतलीच अंडी, फार मोठी नाहीत, फार लहान नाहीत. बसवायची ती रात्री. सातआठ दिवसांनी अंधारात एकेक अंडं कंदिलापुढे धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर ठेवायचं, नुसतं पिवळं दिसलं तर ते वांझ, बाहेर. रोज एकदा कोंबडीला उठवून कणी आणि पाणी. शेवटचे तीन दिवस कुणी हात लावायचा नाही. एकविसाव्या दिवशी आजी एक अंडं उचलून माझ्या कानाला लावायची. आतून टकटक ऐकू यायची.

पिल्लं निघाली की दीडदोन महिने आईच्या पंखांखाली. घार वरून गेली की आई एक विशिष्ट आवाज काढते आणि सगळी पिल्लं क्षणात गडप. आजी वारूळ फोडून करवंटीतून वाळवी आणायची, पिल्लं त्यावर तुटून पडायची. मुंगूस, कावळे, घार यांच्या तावडीतून वाचून बारा अंड्यांची पाचसहा मोठी पिल्लं झाली तरी आजी खूष. त्यातल्या तलंगा ठेवायच्या, कोंबडे विकायचे नाहीतर राखणदाराला आणि गौरीच्या तिखटा सणाला राखायचे.

आता हिशेब करा. एकवीस दिवस बसणं आणि पुढे दोन महिने पिल्लं सांभाळणं, म्हणजे एका वेळी जवळजवळ तीन महिने अंडं नाही. असं वर्षातून दोनतीनदा. म्हणून गावठी कोंबडीची वर्षाला पन्नाससाठ अंडी. व्यापाराच्या नजरेने हा शुद्ध तोटा.

तो तोटा आधी परदेशात दूर झाला. यंत्राने किंवा आगीच्या उबेने अंडी उबवणं ही काही नवी गोष्ट नाही. इजिप्तमधे शेणखताच्या उबेत अंडी उबवतात असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. अठराव्या शतकात फ्रान्समधे रेओम्यूर या शास्त्रज्ञाने त्यावर पुस्तकच लिहिलं. पण धंदा झाला तो १८७९ नंतर, कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी लायमन बाइस याने चालणारं इनक्युबेटर बनवलं तेव्हा. उबवायला यंत्र आल्यावर बसणारी कोंबडी हवीच कशाला? इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातून अमेरिकेत गेलेली लेगहॉर्न ही जात मुळातच फारशी न बसणारी. तिच्यातल्या जास्त अंडी देणाऱ्या निवडत निवडत बसण्याची ओढ जवळजवळ पुसूनच टाकली. आजच्या पोल्ट्रीतली कोंबडी वर्षाला तीनशेवर अंडी देते, पण स्वतःची जात ती स्वतः चालवू शकत नाही.

यातली एक गोष्ट मला फार गमतीची वाटते. पिल्लू अंड्यातून बाहेर येण्याआधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं, त्यामुळे दोनतीन दिवस त्याला दाणापाणी लागत नाही. ही सोय आहे ती खुडूक कोंबडीसाठी: आधी निघालेल्या पिल्लांनी थांबायचं, म्हणजे मागची निघेपर्यंत आईला उठावं लागत नाही. पण याच दोन दिवसांच्या शिदोरीवर एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून दूर पाठवता येऊ लागली. १९१८ पासून अमेरिकेच्या टपाल खात्याने ती पार्सलने न्यायला सुरुवात केली. आईसाठी केलेली सोय आईलाच कामावरून काढायला उपयोगी पडली.

आपल्याकडे हे उशिरा आलं. १९७१ मधे डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, आज तिचं मुख्यालय पुण्यात आहे. १९८२ मधे अंडी उत्पादकांची एनईसीसी स्थापन झाली. अंड्याचा भाव ठरवणं दलालाच्या हातून उत्पादकाच्या हातात यावं हा तिचा हेतू होता. अंडं गरिबाच्या ताटात पोचलं ते या सगळ्यामुळे, हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या आजीच्या पन्नाससाठ अंड्यांत मुंबईचं पोट भरलं नसतं.

पण १९८२ म्हटलं की आमच्या घरात वेगळंच आठवतं. त्या वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात माझे वडील आणि काका. तोवर घर चालायचं मनीऑर्डरवर. आजोबा मनीऑर्डरच्या पावत्या एका तारेला टोचून ठेवायचे, वर्षानुवर्षांच्या. ती तार अजून माळ्यावर आहे. तिच्यावर शेवटची पावती डिसेंबर १९८१ची. त्यानंतर काहीच नाही.

मी तेव्हा चौथीत होतो. तार रिकामी राहिली तरी आम्ही जेवत होतो, शाळेत जात होतो, तेलमीठ येत होतं. हे कुठून आलं हा प्रश्न मला पडायला तीस वर्षं लागली. काकूला विचारलं तर ती म्हणाली, त्या साली सासूबाईंनी तीन कोंबड्या एकदम बसवल्या होत्या. दोन आमच्या आणि एक अर्धलीने आणलेली. अंडी मासेवालीला देऊन मच्छी, तलंगा विकून वाण्याचे पैसे, एक कोंबडा देऊन माझी वह्यापुस्तकं. बाकी भात थोडं होतं, आंब्याचे चार पैसे होते, नुसत्या कोंबड्यांनी घर तारलं असं नाही. पण रोख पैसा म्हणाल तर तो बराचसा त्या तीन पाट्यांतून निघाला. आणि त्याची नोंद घरातल्या एकाही कागदावर नाही.

‘अर्धलीने’ हा शब्द जरा समजावून सांगतो. मूळचा तो खोतीतला. कुळाने पिकाचा अर्धा वाटा खोताला द्यायचा ती अर्धल. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, पण शब्द बायकांनी आपल्या व्यवहारात आधीच उचलला होता. एकीची कोंबडी दुसरीने सांभाळायची आणि पिल्लं निम्मी निम्मी. फरक एवढाच की भातातला अर्धा वाटा घराबाहेर जायचा, कोंबडीतला या मागीलदारातून त्या मागीलदारात. मनुस्मृतीने गावातला कोंबडा द्विजांना वर्ज्य ठरवलेला, त्यामुळे वरच्या म्हणवणाऱ्या घरांना या व्यवहारात रस नव्हता. पुरुष मुंबईला. राहिल्या बायका. गरिबाघरच्या बाईकडे तिच्या एकटीच्या मालकीचं म्हणावं असं भांडवल हेच, आणि ते वाढायचं एकाच मार्गाने, कोंबडी खुडूक बसली तर. काकूच्या आवाजातल्या आनंदाचा अर्थ हा आहे.

मधल्या काळात काकूनेही सुधारित कोंबड्या पाळून पाहिल्या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेली वनराजा, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराजा. दिसायला रंगीत, गावठीसारख्याच, अंडी वर्षाला शंभराच्या वर, वजनही भरपूर. काकू पहिली दोन वर्षं खूष होती. मग मानमोडी आली. (कोंबड्यांच्या राणीखेत रोगाला आपल्याकडे हे नाव. १९१८ च्या इन्फ्लुएंझालाही लोक मानमोडीच म्हणायचे.) चारपाच दिवसांत खुराडं रिकामं. दोन उरल्या, पण त्या बसणाऱ्या नव्हेत. जातच तशी तयार केलेली. पुन्हा सुरू करायचं तर पुन्हा पिल्लं विकत आणायची, म्हणजे आधी हातात पैसा हवा. लस टोचली असती तर हे टळलं असतं, ते खरंच. पण काकूने त्यातून जे काढलं ते मला जास्त मोलाचं वाटलं. ती म्हणाली, "आधीच्या मेल्या तरी एक उरली की परत घर भरायचं. ह्या मेल्या की दुकानात जावं लागतं."

तांबडी ही शेजारणीकडून अर्धलीने आणलेल्या गावठीची नात. तिचे पाय हळदीसारखे पिवळे आहेत. २००८ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवून दिलं की कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण तांबड्या रानकोंबड्याकडून नाही, राखी रानकोंबड्याकडून आलाय. म्हणजे जो आपल्या सह्याद्रीत आरवतो, तो. मूळ पाळीव कोंबडी मात्र आग्नेय आशियातली. थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची हाडं सगळ्यात जुनी, असं २०२२ मधे प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं, आणि रानकोंबडी माणसाजवळ आली ती भाताच्या दाण्यामागे. आमच्या खळ्यात झोडणीनंतर कोंबड्या जे करतात तेच, एवढं लांबून चालत आलेलं.

२०१९ च्या पशुगणनेत देशात परसातल्या कोंबड्याबदकांची संख्या सुमारे ३१ कोटी ७० लाख भरली, आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्के जास्त. वाचून बरं वाटलं. पण गणनेत डोकी मोजतात. त्यातल्या किती कोंबड्या बसतात हे कळलं असतं तर बायकांच्या हातात किती उरलंय तेही कळलं असतं.

असो. काल परत फोन केला. अकरा अंडी ठेवलीत, कंदिलाऐवजी मोबाईलच्या टॉर्चवर पाहिली, दोन वांझ निघाली. पिल्लं निघायची तारीख काकूने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने गोल करून ठेवलीय. मी तिला म्हटलं, वर्ष संपलं की ते कॅलेंडर पुस्तकांना कव्हर घालायला देऊ नकोस, मला हवंय. ती हसायला लागली. म्हणाली, "तुला काय करायचंय रे त्याचं?"

आजोबांच्या तारेला लावून ठेवीन म्हणतो.