पनवेल परिसरांतील धवलारीण : एका कागदहीन पौरोहित्याचा विचार

लग्न कोणी लावावें व त्याची दक्षिणा कोणी घ्यावी, या प्रश्नावर आपल्याकडील दप्तरांत कागदांची वाण नाहीं. जोशीपणाच्या वृत्तीच्या सनदा, भाऊबंदांचीं विभागपत्रें, महजर व निवाडपत्रें हीं, ज्यानें एखाद्या जुन्या उपाध्यांच्या घरचें दप्तर सोडलें असेल त्याच्या परिचयाचींच आहेत. परंतु असे कागद मुळांत कां लिहिले गेले, हें संशोधकानें विसरूं नये. ज्या हक्काविषयीं तंटा पडला, त्याचा कागद झाला. ज्याविषयीं तंटा पडलाच नाहीं, तो हक्क कितीही जुना असला तरी दप्तरांत शिरला नाहीं. पनवेल परिसरांत लग्नविधि चालविणारांचा विचार करूं लागलें असतां ही गोष्ट विशेषच प्रत्ययास येते.

पनवेल हें खाडीवरील जुनें बंदर व बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवरील बाजारपेठ. येथील नगरपालिका १८५२ सालची. हा तालुका १८८३ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता. पुढें तो कुलाबा जिल्ह्यांत गेला, व त्या जिल्ह्यास १९८१ पासून रायगड हें नांव मिळालें. बंदर व घाट यांच्या मध्यें वसलेल्या गांवीं नाना जातींचे व धर्मांचे लोक एकत्र येतात, तसे ते येथेंही आले. ब्राह्मण, वाणी, मुसलमान व बेने इस्रायल यांची वस्ती पेठेंत. आगरी, कोळी, कराडी भोंवतालच्या खाडीकांठच्या व भातशेतीच्या गांवांत. त्यामुळें लग्न लावणाराचे निरनिराळे प्रकार या एकाच टापूंत शेजारीं शेजारीं नांदले. त्यांपैकीं तिहींचा येथें विचार करावयाचा आहे.

पहिला ग्रामजोशी. याच्या हक्कास वतनाचें स्वरूप होतें. यजमानानें दुसऱ्या कोणाकडून लग्न लावून घेतलें तरी वतनदार जोश्यास आपली दक्षिणा मागतां येते, हें तत्त्व मुंबईच्या उच्च न्यायालयानें १८७४ सालच्या सुमारास मान्य केलें होतें. त्याच्या आदल्याच वर्षीं, म्हणजे १८७३ सालीं, पुण्यांत सत्यशोधक समाज स्थापन झाला, व त्या वर्षाच्या डिसेंबर महिन्यांत ब्राह्मण पुरोहितावांचून पहिलें लग्न लागलें. पुढें जुन्नर तालुक्यांतील ओतूर गांवीं बाळाजी कुसाजी पाटील यांनीं तसेंच केलें, तेव्हां जोश्यांनीं त्यांजवर दावा लावला, व तो उच्च न्यायालयापर्यंत गेला. शेवटीं १९२६ सालीं मुंबईच्या कायदेमंडळानें कायदा करून, ज्यास बोलावलें नाहीं त्या पुरोहितास दक्षिणा देण्याचें हिंदु यजमानावरील बंधन काढून टाकलें. अर्धशतकाहून अधिक काळ चाललेल्या या वादाचे कागद, निकाल व चोपड्या आज आपल्यापुढें आहेत. जोश्याचा इतिहास लिहावयास साधनें पुष्कळ, तीं या भांडणामुळेंच.

दुसरा काजी. कोंकणांतील मुसलमानांच्या काजींस जुन्या राजवटींच्या सनदा व इनामें होतीं. १८८० च्या काजी कायद्यानें लग्नादि प्रसंगीं लागणाऱ्या काजीच्या नेमणुकीची तजवीज केली. बेने इस्रायलांतही काजी हेंच नांव चाले. दावीद रहाबी यानें झिराटकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांस धर्मविधि शिकवून तयार केलें व त्यांजपासून हें काजीपण चाललें, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. पनवेलचें बेथ एल हें त्यांचें प्रार्थनामंदिर १८४९ सालचें. या लोकांची घरची भाषा मराठी; परंतु लग्नांत वराकडून वधूस द्यावयाचा केतुबा नांवाचा लेख साक्षीदारांच्या सह्यांनीं होतो. म्हणजे येथेंही कागद आहे, व तो जपून ठेवण्याची रीति आहे.

तिसरी धवलारीण. आगरी समाजांत, व या किनाऱ्यावरील आणखी कांहीं जातींत, लग्नाचे विधि चालविणारी ही स्त्री. तिच्यापाशीं सनद नाहीं, पोथी नाहीं, पंचांग नाहीं. ती जें गाते त्यास धवला म्हणतात, आणि हें गाणें लग्नांतील करमणूक नसून लग्नाची संहिताच होय. मांडव घालणें, जात्यावर हळद दळणें, तेल व हळद लावणें, न्हाण घालणें, देवक बसविणें, या प्रत्येक कृत्याचा धवला वेगळा; व तो सुरू झाल्यावांचून तें कृत्य सुरू होत नाहीं. पुढें काय करावयाचें, कोणी करावयाचें, कोणती वस्तु आणावयाची, हें गाण्यांतच येतें. याज्ञिकाचा प्रयोग व मंत्र या दोन पोथ्या वेगळ्या असतात. धवलारणीच्या मुखीं त्या एक झालेल्या आहेत. याच विधींत ती देवांस लग्नाचें आमंत्रण करते. कार्ल्याच्या एकवीरेपासून गांवच्या वेशीवरील दैवतापर्यंत, व घरांतील मृत पूर्वजांपर्यंत, सर्वांस मांडवाखालीं पाचारण होतें. आतां पुष्कळ घरीं मंगलाष्टकांसाठीं भटजी येतात. तरी हळदीच्या रात्रीचा अधिकार धवलारणीकडेच राहिला आहे. दोघांच्या कामाची वांटणी आपसूक झाली. तंटा पडला नाहीं, म्हणून कागदही झाला नाहीं.

या शब्दाचें मूळ मात्र कागदांत सांपडतें, आणि तें पुष्कळ मागें जातें. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराचा ‘मानसोल्लास’ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला. त्यांत धवल हा गीतप्रकार विवाहप्रसंगीं गावयाचा म्हणून सांगितला आहे. तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरां’त धवल प्रबंधाचीं लक्षणें दिलीं. गुजरातींत धोळ नांवाचीं गाणीं आहेत, तींही याच कुळांतलीं. आणि मराठींत, त्याच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत, महानुभाव पंथाच्या महदाइसेनें रिद्धपुरास रचलेले ‘धवळे’ तर सर्वांस ठाऊक आहेत. गोविंदप्रभूंच्या मनांत विवाहाची लहर आली व त्या प्रसंगीं महदाइसेनें कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गाइले, असें महानुभावीय चरित्रग्रंथांवरून कळतें. या प्रसंगाचा अर्थ आद्य कवयित्री या एका बिरुदांत सरत नाहीं. लग्न म्हटलें कीं धवळे हवेत, आणि ते स्त्रीनें गावयाचे, हें तेथील मंडळीनें गृहीतच धरलें होतें. म्हणजे महदाइसेच्या पूर्वीं धवळे गाणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांचीं नांवें राहिलीं नाहींत. महदाइसेचें राहिलें, कारण तिच्या पंथानें आपले ग्रंथ लिहून काढले व सांकेतिक लिपींत जपून ठेविले. त्या लिपीचा उलगडा कै. राजवाडे यांनीं केला नसता, तर तेही आपणांस दुर्लभच राहिले असते.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. नांव एक म्हणून गाणें एक, असें अनुमान कोणीं करूं नये. रिद्धपूर वऱ्हाडांत, पनवेल उत्तर कोंकणांत. मध्यें सह्याद्रि आणि सातशें वर्षें. धवलारीण या शब्दांतील ल हा संस्कृत धवल शब्दाचा जसाचा तसा राहिलेला अंश आहे, असेंही मानण्याचें कारण नाहीं. आगरी बोलींत ळ चा ल सर्रास होतो, डोळ्याचा डोला होतो, तसाच धवळ्याचा धवला झाला असावा. आज सिद्ध म्हणतां येतें तें इतकेंच कीं, विवाहांत स्त्रियांनीं गावयाचा धवळे नांवाचा प्रकार यादवकाळीं देशावर रूढ होता व त्याच नांवाचा प्रकार स्त्रीच्याच मुखानें कोंकणांत विवाहविधि म्हणून चालत आला आहे. मधली सांखळी जोडावयाची तर दोन्हीकडील पाठ समोरासमोर ठेवले पाहिजेत. महदाइसेचे छापून निघाले. धवलारणींचे पाठ तितक्या काटेकोरपणें संपादिलेले हवेत.

कोणी म्हणेल, हा लोकाचार आहे, शास्त्र नव्हे. त्यास शास्त्राचेंच उत्तर आहे. विवाहांत जनपदांचे व ग्रामांचे धर्म नाना प्रकारचे असतात व ते पाळावे, असें आश्वलायन गृह्यसूत्र सांगतें. आणि आपस्तंब तर कांहीं कृत्यें स्त्रियांकडूनच जाणून घ्यावीं असें म्हणतो. सूत्रकारांनीं ज्यांचें प्रामाण्य मानलें, त्यांची वाणी संशोधकानें साधन म्हणून नाकारावी, याला आधार कोणता?

हा विचार आज निकडीचा होण्यास कारण आहे. १९७० सालीं सिडको स्थापन झाली व नव्या मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण भागांतील गांवांच्या जमिनी संपादिल्या गेल्या. जमिनीच्या मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या लढ्यांत पांच माणसें गोळीबारास बळी पडलीं. त्यानंतर विमानतळासाठीं चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, उलवें, कोंबडभुजें इत्यादि दहा गांवांना आपलें ठिकाण सोडावें लागलें; त्या विमानतळाचें उद्घाटन २०२५ सालीं झालें. मिठागरें गेलीं, शेतें गेलीं, वेशी बुजल्या. धवलारीण देवांस बोलावते तें गांवाच्या जागा धरून. जी वेस आतां नाहीं, तिच्यावरील दैवताचें नांव कांहीं काळ तिच्या गाण्यांत राहील. ती गेली म्हणजे तेंही जाईल. सातबाऱ्यावर शेताचा गट क्रमांक सांपडतो, शेताच्या बांधावरील दैवत सांपडत नाहीं. म्हणून जुन्या गांवठाणांच्या स्थलनामांचा अभ्यास करूं इच्छिणारासही या आमंत्रणाच्या धवल्याइतकें मोलाचें दुसरें साधन क्वचितच मिळेल.

धवले टिपून घेण्याचे प्रयत्न झालेच नाहींत असें नाहीं. परंतु लोकगीत म्हणून चार निवडक ओळी छापणें वेगळें आणि विधिग्रंथ म्हणून सबंध पाठ सिद्ध करणें वेगळें. हस्तलिखिताची नोंद करतांना आपण पोथीचें माप, पृष्ठसंख्या, आरंभ, अंत, लेखनकाल व लेखकाचें गांव लिहितों, तीच शिस्त येथें लावावी. गाणारीचें माहेर व सासर कोणतें, तिनें धवला कोणाच्या मागें बसून उचलला, कोणत्या कृत्याच्या वेळीं कोणता धवला, त्यांचा क्रम काय, दुसऱ्या गांवच्या धवलारणीचा पाठ कोठें वेगळा पडतो, हें सर्व तिच्या संमतीनें टिपलें पाहिजे. बोलीचे उच्चार शुद्ध करूं नयेत. पोथींतील अशुद्धें आपण जशींच्या तशीं उतरतों, तोच नियम. गाणें ध्वनिमुद्रित करावें, आणि शक्य तर प्रत्यक्ष लग्नांतच करावें. कारण विधि चालूं नसतां गाइलेल्या पाठांत क्रम ढळण्याचा संभव असतो.

पोथी कसर लागून जाते तेव्हां निदान तिचे तुकडे उरतात. मुखपाठाचे तुकडेही उरत नाहींत. आमच्या संग्राहक मित्रांनीं जोश्यांच्या माळ्यांवरून गठ्ठे उतरविण्यांत जें कष्ट घेतले, त्यांचा एक अंश पनवेल-उरणच्या मांडवांत खर्च केला, तर ज्या वृत्तीसाठीं कोणी कधीं भांडलें नाहीं तिचेंही दप्तर तयार होईल.