लेबलावरचा काळ

भुसावळ हे रेल्वेने घडवलेले गाव. १८६७ मध्ये येथून फुटलेला फाटा नागपूरला पोहोचला आणि १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई–कलकत्ता लोहमार्ग सलग झाला. प्रवाशांच्या सामानातल्या कितीतरी वस्तू अशा गावात मागे राहतात. भंगारवाल्यांकडून आणि जुन्या घरांच्या माळ्यांवरून मी जमवत आलो आहे त्या व्हिस्कीच्या मिनिएचर, म्हणजे साधारण ५० मिलिलिटर मावेल एवढ्या बाटल्या. त्यांतल्या बहुतेक रिकाम्या आहेत.

या बाटल्यांवर सन क्वचितच छापलेले असते. तो काढावा लागतो, आणि त्याला मदत करतात ते कायदे. बाटलीच्या काचेतच ‘ही बाटली विकण्यास किंवा पुन्हा वापरण्यास संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य उठवलेले असेल, तर ती अमेरिकेच्या बाजारासाठी, १९३५ ते १९६४ या काळातल्या नियमानुसार बनलेली. स्कॉचच्या लेबलावर केवळ ‘७० प्रूफ’ असेल, तर ती बहुधा १९८० पूर्वीची. कारण त्या वर्षापासून ब्रिटनने टक्केवारी स्वीकारली. सहाव्या जॉर्ज राजाचा उल्लेख ‘दिवंगत’ असा असेल, तर लेबल १९५२ नंतरचे.

आपल्याकडच्या बाटल्यांवरचा ४२.८ हा आकडाही याच हिशेबातून आला. ब्रिटिश मापात १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के अल्कोहोल. त्याचे पाऊण म्हणजे ७५ प्रूफ, अर्थात ४२.८ टक्के. साहेब गेला, औंस-पाइंट गेले, पण त्याचे हे पाऊण माप आजही लेबलावर टिकून आहे.

मग भुसावळच्या बाटल्या रिकाम्या का? १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५० मध्ये पूर्व खानदेशातही लागू झाला. जवळच्या बऱ्हाणपूरला मात्र तो लागू नव्हता. ते मध्य प्रदेशात. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यासंबंधीच्या काही तरतुदी रद्द केल्या. तरी कायद्याचा मुख्य गाभा टिकला. पुढे बंदी सैल झाली, पण परवान्याची अट राहिली. भरलेली बाटली जवळ बाळगायची तर परवाना हवा. रिकामीला कोण विचारतो? तिच्यात मग कोणी अत्तर भरले, कोणी हिंगाचे पाणी, कोणी शिवणयंत्राचे तेल.

परदेशी संग्राहक बूच न उघडलेल्या, काठोकाठ भरलेल्या बाटलीला भाव देतात. इतिहासाच्या दृष्टीने मला हा हिशेब उलटा वाटतो. आतल्या द्रवाकडे नुसते पाहून वर्ष सांगता येत नाही. ते सांगतात लेबल, झाकण आणि काच. आणि पुन्हा वापरण्याआधी पहिल्यांदा धुतले जाते ते लेबलच. माझ्याकडच्या कितीतरी बाटल्या अशा मुक्या आहेत. काच उत्तम, पण त्यांच्याविषयी सांगण्यासारखे काही उरलेले नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. आजोबांच्या ट्रंकेत, रेल्वे क्वार्टरमधून आणलेल्या सामानात अशी बाटली सापडली, तर तिला पाणी लावू नका. कोरड्या फडक्याने धूळ पुसा, लेबलाचा फोटो काढा आणि ती कुठून आली, कोणाची होती, नंतर तिच्यात काय ठेवले जाई, हे एका चिठ्ठीवर लिहून तिच्यासोबत ठेवा. वर्ष लेबलावरून काढता येईल. माणसांची माहिती मात्र घरच्यांनाच लिहून ठेवावी लागेल.