कवीच्या पश्चात कवीचे कागद

१४ ऑक्टोबर १९५४ रोजी सायंकाळी कलकत्त्यातील रासबिहारी अव्हेन्यूवर ट्रामचा धक्का लागून जीवनानंद दास जबर जखमी झाले आणि २२ ऑक्टोबरला शंभुनाथ पंडित रुग्णालयात त्यांचे निधन झाले. बंगाली रसिकांना त्या वेळी परिचित असलेले जीवनानंद म्हणजे ‘झरा पालक’पासून (१९२७) ‘श्रेष्ठ कविता’पर्यंतच्या (१९५४) मोजक्या संग्रहांचे कवी. १९५५ मध्ये साहित्य अकादेमीने ‘श्रेष्ठ कविता’ या संग्रहाला मरणोत्तर पुरस्कार दिला. तो सर्वथा यथोचित होता. परंतु ज्या लेखकाचा गौरव झाला, त्याच्या लेखनाचा फार मोठा भाग त्या दिवशीही पेटीबंद वह्यांतच पडून होता. शेकडो कविता, कथा आणि अनेक कादंबऱ्या! कादंबरीकार जीवनानंद हे नाव तोवर कोणी उच्चारलेही नव्हते.

कवीचे अप्रकाशित लेखन प्रसिद्ध करावे काय, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. ‘रूपसी बांगला’चा इतिहास पाहिला म्हणजे त्यातील पेच ध्यानात येतो. या कविता १९३४ च्या सुमारास लिहिल्या गेल्या आणि वीस वर्षे कवीने त्या आपल्यापाशीच ठेवल्या. १९५७ मध्ये बंधू अशोकानंद दास यांच्या प्रयत्नाने त्या पुस्तकरूपाने आल्या. कवीने योजिलेले नाव ‘बांगलार त्रस्त नीलिमा’ असे होते. पुस्तक निराळ्या नावाने निघाले आणि त्याच नावाने ते बंगाली मनात घर करून बसले. १९७१ च्या मुक्तिसंग्रामात तर या कविता बांगलादेशाच्या भावजीवनाचा भाग झाल्या. हे पुस्तक निघालेच नसते तर बंगाली कविता केवढ्या ठेव्याला मुकली असती! तथापि जीवनानंद हे आपल्या ओळी पुनःपुन्हा घडविणारे कवी होते. त्यांचा अखेरचा हात फिरण्यापूर्वीचा हा पाठ होय, हे विसरून केलेली समीक्षा खर्ड्यालाच सिद्ध कृती मानण्याची चूक करील.

कादंबऱ्यांचा प्रश्न याहून नाजूक होता. १९४८ मध्ये लिहिलेली ‘माल्यवान’ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. विसंवादी दांपत्यजीवन हा तिचा विषय. अशा कादंबरीत वाचक लेखकाचे घर शोधू लागतात आणि त्या घरातील माणसे हयात असतात. अशा वेळी वाङ्‌मयाचा अधिकार मोठा की घराची अब्रू, याचा निर्णय शोकाकुल कुटुंबावर सोपविणे हा त्या कुटुंबावरही अन्यायच आहे.

या कागदांचे रक्षण झाले ते मुख्यतः व्यक्तिगत निष्ठेमुळे. कवीच्या निधनसमयी वैद्यकाचे विद्यार्थी असलेले भूमेंद्र गुह पुढे शल्यचिकित्सक म्हणून नावारूपाला आले. स्वतः कवी असलेल्या या गृहस्थाने २०१५ मधील आपल्या मृत्यूपर्यंत जीवनानंदांच्या वह्या लावण्याचे, उतरून घेण्याचे आणि संपादनाचे काम केले. खोडलेला शब्द, ओळीवर लिहून ठेवलेला पर्याय, पुसट झालेली शाई यांतून पाठ सिद्ध करणे हे काम किती चिकाटीचे असते, ते केल्यावाचून कळत नाही. कवितांच्या वह्या पुढे कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचल्या आणि मुद्रित पाठ मूळ हस्ताक्षराशी ताडून पाहण्याची सोय झाली. परंतु प्रत्येक लेखकाला असा निष्ठावंत लाभतो काय?

आपला कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमानुसार, मृत्युपत्राने अप्रकाशित हस्तलिखित ज्याला मिळते त्याला, विरुद्ध हेतू दिसत नसल्यास, त्याचा स्वामित्वहक्कही मिळतो. लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या वाङ्‌मयावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. मरणोत्तर प्रथम प्रकाशित झालेल्या वाङ्‌मयाची ६० वर्षे मात्र प्रकाशनाच्या पुढील वर्षारंभापासून मोजली जातात. म्हणूनच जीवनानंदांनी स्वतः छापलेल्या कविता २०१४ अखेर मुक्त झाल्या, तर ‘माल्यवान’ या हिशेबाने २०३३ अखेरपर्यंत हक्काधीन राहते. एकाच लेखकाचा अनुवाद करू इच्छिणाऱ्याला एका पुस्तकासाठी अनुज्ञा लागत नाही आणि दुसऱ्यासाठी वारस शोधत फिरावे लागते!

ग्रंथालय कागद राखते. कागदांविषयीचे लेखकाचे मत ते राखू शकत नाही. कोणती वही कोणाकडे जावी, कोणता पाठ प्रमाण मानावा, काय छापावे, काय काही काळ मिटून ठेवावे आणि अनुवादाची अनुज्ञा कोणी द्यावी, एवढे लिहावयास एक पान पुरते. मृत्युपत्र म्हटले की आपल्याकडे घर, जमीन आणि दागिने आठवतात; वह्या आठवत नाहीत. त्यामुळे वहीतल्या मजकुराचा विवेक अखेर दुसऱ्यांना करावा लागतो. जीवनानंदांच्या बाबतीत ते दुसरे प्रेमळ आणि कष्टाळू निघाले, हे बंगाली वाङ्‌मयाचे भाग्य. ज्यांच्या वह्या रद्दीच्या वाटेने गेल्या, त्या लेखकांची गणना मात्र कोणताही वाङ्‌मयेतिहास करू शकणार नाही.