गाण्यांची चाळण

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस घरातली चाळण खुंटीवर टांगलेली अशी दिसतच नाही. बेसन तिच्यातून जाते, करंजीचा मैदा जातो, लाडवाची पिठीसाखर जाते. आजी चाळायला बसली की वर काय राहायचे आणि खाली काय पडायचे, हे भोकांच्या मापाने ठरते. पीठ कोणत्या डब्यातून आले, कोणी दळून आणले, याची चाळणीला चौकशी नसते. आपल्या नभोवाणीनेही एके काळी गाण्यांसाठी चाळण हाती घेतली होती. तिची गोष्ट मात्र उलटी झाली. पीठ राहिले बाजूला, आणि डब्याचीच तपासणी होत राहिली!

साल १९५२. डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. गृहस्थ मराठी, काशी विद्यापीठात शिकलेले, पॅरिसची डॉक्टरेट मिळवलेले आणि शास्त्रीय संगीताचे निस्सीम चाहते. संस्थाने गेली, त्यांच्याबरोबर गवयांचा आश्रय गेला. ही विद्या आता सरकारने सांभाळली नाही तर ती मरेल, अशी त्यांची तळमळ होती. तळमळ खोटी नव्हती. त्याच वर्षी संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पंडित रविशंकरांच्या हाताखाली आकाशवाणीचा वाद्यवृंद उभा राहिला. परंतु या विद्येचा वैरी म्हणून त्यांना समोर दिसले ते सिनेमाचे गाणे. त्याचे शब्द उथळ, त्याच्या चाली परदेशातून उसन्या आणलेल्या, असा ठपका ठेवून त्या गाण्यांना नभोवाणीवर दहा टक्के वेळेची मर्यादा घालण्यात आली, आणि त्या तेवढ्या वेळातही कोणते गाणे वाजवावे, ते निवडून घेण्याचे ठरले.

आता यातली गंमत पाहा. चित्रपट तपासणारे सेन्सॉर बोर्ड हेही याच खात्याचे! चित्रपटातले प्रत्येक गाणे त्या बोर्डाच्या डोळ्यांखालून गेलेले असे. म्हणजे थिएटरात बायकामुलांसह बसून ऐकायला जे गाणे सरकारच्या मते योग्य होते, तेच गाणे घरी आमटीला फोडणी देताना ऐकणे सरकारच्याच मते अयोग्य ठरू शकत होते. एकाच घरातल्या दोन चाळण्या, आणि दोघींची भोके निराळी.

याच्या जोडीला आणखी एक वाद होता. गाणे वाजवताना चित्रपटाचे नाव घेतले तर ती फुकटची जाहिरात होते, असे आकाशवाणीचे म्हणणे. नाव घेणार नसाल तर आमचे गाणेही घेऊ नका, असे निर्मात्यांचे म्हणणे. निर्मात्यांनी परवानगी काढून घेतली आणि पाहता पाहता सिनेमाचे गाणे आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले.

पण श्रोता काही नाहीसा झाला नव्हता. पोस्टात वर्षाची फी भरून त्याने रेडिओचा परवाना घेतलेला होता, आणि त्याच्या पेटीला काटा फिरवायची खुंटी होती. ती थोडी फिरवली की खरखर, शिट्ट्या आणि समुद्राच्या गाजेसारखा घोंघाट यांतून एक आवाज वर येई. तो असे रेडिओ सिलोनचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेली जोरकस यंत्रे सिलोन सरकारच्या हाती आली होती. त्यांचा लघुलहरींवरचा आवाज हिंदुस्थानभर पोहोचत असे. १९५२ च्याच डिसेंबरात तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, कोलंबोला जाई, आणि तिथून समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईच्याच चाळीत येई. निवेदक अमीन सयानी सांगत, की पहिल्या भागानंतर पाचपन्नास पत्रे येतील अशी अपेक्षा होती. आली नऊ हजार! बुधवारच्या संध्याकाळी कुठल्याही गल्लीतून चालत गेले तरी एकही गाणे चुकत नसे, असे त्या पिढीतली माणसे अजून सांगतात. दिल्लीने दार लावले, तर लोकांनी कोलंबोची खिडकी उघडली.

मराठी माणसाने मात्र या हकिकतीचा दुसरा भागही आठवायला हवा. सिनेमाचे गाणे गेले, तेव्हा ती जागा भरून काढण्यासाठी आकाशवाणीने स्वतःची सुगम गीते करवून घ्यायला आरंभ केला. पुणे केंद्रावर सीताकांत लाड यांच्या पुढाकाराने १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. दर आठवड्याला एक, अशी छप्पन्न गीते झाली. लोक रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत. केसकरांच्या दहा वर्षांच्या कारकिर्दीतली ही मोठी पुण्याई, आणि तिचे माप त्यांच्या पदरात घातलेच पाहिजे.

पण ती गीते लिहिली कोणी? ग. दि. माडगूळकरांनी. ‘लोकशाहीर राम जोशी’ या १९४७ च्या चित्रपटासाठी ज्या लेखणीने लावणी लिहिली, तीच ही लेखणी. चाली कोणी दिल्या? सुधीर फडक्यांनी, तेही चित्रपटांचेच संगीतकार. म्हणजे ज्या डब्यावर ‘सिनेमा’ अशी चिठ्ठी लागली होती, त्याच डब्यातल्या पिठाचा हा नैवेद्य झाला होता. पीठ चांगले की वाईट हे डब्यावरून ठरत नाही, याला यापेक्षा गोड पुरावा कोणता हवा?

अखेर दिल्लीलाही हे कळले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि सिनेमाचे गाणे राजरोस परत आले. खाते तेच, मंत्रीही तेच! या सेवेचे पहिले गीत पंडित नरेंद्र शर्मांचे, संगीत अनिल विश्वासांचे आणि आवाज मन्ना डे यांचा. तिघेही चित्रपटसृष्टीत नावाजलेले.

हे अनिल विश्वास चाळणीला नवखे नव्हते. १९४३ साली ‘किस्मत’ चित्रपटासाठी कवी प्रदीप यांनी परक्यांना देशाबाहेर व्हायला सांगणारे गीत लिहिले, त्याची चाल याच अनिलदांची. इंग्रजांच्या सेन्सॉरने ते कसे सोडले? गीतात जर्मनी-जपानची नावे होती, म्हणून! परके कोण, हे थिएटरातल्या पोराटोरांनाही कळत होते. तपासनिसाने नावे पाहिली आणि शिक्का मारला. तिथेही अर्थ सुटला आणि चिठ्ठी तेवढी वाचली गेली.

पुढेही हेच चालले. १९७१ च्या ‘हरे राम हरे कृष्ण’ चित्रपटातले चिलमीच्या धुराचे गाणे आकाशवाणीने वर्ज्य केले. चित्रपट थिएटरांत चालूच होता, आणि १९७२ च्या वार्षिक गीतमालेत तेच गाणे पहिले आले. १९७६ साली, आणीबाणीत, तर शब्दांचा प्रश्नच उरला नाही. सरकारच्या प्रचारकार्यक्रमात भाग घ्यायला किशोरकुमार राजी झाले नाहीत, म्हणून त्यांची सगळी गाणी आकाशवाणीवर बंद झाली. त्यांत निखळ विनोदाची आली, विरहाची आली, लहान मुलांना निजवायचीही आली. एका शब्दालाही दोष नव्हता. दोष होता तो गळ्याच्या धन्याने ‘नाही’ म्हटल्याचा. पुढे शाह आयोगाने या प्रकाराची नोंद घेतली.

केसकरांची बंदी आणि आणीबाणीतली बंदी एका पारड्यात घालावी, असे मी म्हणणार नाही. एकीच्या मुळाशी संगीताचे प्रेम होते, दुसरीच्या मुळाशी निव्वळ राग. पण वाट तीच होती. आज चांगल्या हेतूने डबा बाजूला काढायची सवय लागली, की उद्या तोच डबा कोणीही कोणत्याही हेतूने बाजूला काढू शकतो. चाळण एकदा खुंटीवरून निघाली, की ती कोणाच्या हाती जाईल याची हमी पहिल्या मालकाला देता येत नाही.

केसकरांनी अडवलेली गाणी आजही लोकांच्या ओठी आहेत; त्यांच्या अडवण्याचा मागमूसही त्यांवर राहिलेला नाही. त्यांच्या काळात आकाशवाणीने जे दिले, ते गीतरामायणही आज घराघरांत आहे. लोकांची रुची घडली असेल, तर ती या देण्याने घडली.

आजीला हे ठाऊक असते. नातवाने बाजारचा खाऊ खाऊ नये असे वाटले, तर ती दाराला कडी घालीत नाही. ती चुलीवर कढई ठेवते.