हाली रुपयातील चांदी आणि अँपिअरचे माप

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे आणि तेथील व्यवहारात संस्थानचा हाली रुपया चालत असे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या चारमिनार छापाच्या या रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम असून त्यात ८१.८ टक्के, म्हणजे साधारण ९.१४ ग्रॅम, शुद्ध चांदी असे. त्याच काळात विजेचे मापही चांदीवरूनच ठरत होते. विद्युत अपघटनात, म्हणजे धातुक्षाराच्या द्रावणातून वीज सोडून त्याचे घटक वेगळे करण्याच्या क्रियेत, ऋणाग्रावर साचणाऱ्या धातूचे वस्तुमान हे विद्युतधारा व वेळ यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात असते, हा नियम मायकेल फॅरडे यांनी १८३० च्या दशकात मांडला. त्याच्या आधारे १९०८ च्या लंडन परिषदेने सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणातून सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी साचविणाऱ्या स्थिर धारेला एक अँपिअर मानले. या हिशेबाने तासाला सुमारे ४.०२ ग्रॅम चांदी साचते. म्हणजे एका हाली रुपयाइतकी चांदी साचण्यास एक अँपिअर धारेला सव्वादोन तासांहून किंचित अधिक वेळ लागतो. ही व्याख्या १९४८ च्या आरंभी मागे पडली आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला निजामाची राजवटही संपुष्टात आली.