सोन्याचा किल्ला आणि आंघोळीचं पाणी

माझा फ्लॅटमेट बंगाली आहे. म्हणजे मासे, फुटबॉल आणि सत्यजित राय या तीन विषयांवर त्याच्याशी वाद घालायचा नाही, हा आमच्या घरातला अलिखित करार. गेल्या शनिवारी बाहेर धो धो पाऊस, ट्रेकचा प्लॅन बोंबललेला, मी सोफ्यावर आडवा. त्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "तुला तुझं वाळवंट दाखवतो."

'तुझं वाळवंट' म्हणजे जैसलमेर. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी, जानेवारीत, आम्ही आठ जण तिथे गेलो होतो. जोधपूरहून रात्रीची गाडी, खिडकीच्या फटीतून येणारी बारीक वाळू, आणि पहाटे स्टेशनबाहेर आल्यावर समोर टेकडीवर तो पिवळा किल्ला. उन्हं वर यायला लागली तसा त्याचा रंग पिवळ्याचा मधासारखा झाला. त्यानंतर मी दोनदा एकटा जाऊन आलोय. हिरव्या सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला त्या उघड्याबोडक्या जमिनीचं एवढं वेड का लागावं, हे मला अजून सांगता येत नाही. आईच्या मते हे लग्न न झाल्याचं लक्षण आहे. असो.

तर सिनेमा होता 'शोनार केल्ला', म्हणजे सोन्याचा किल्ला. राय यांनी 1971 साली लिहिलेल्या आपल्याच कादंबरीवरून 1974 साली काढलेला. पैसे चक्क पश्चिम बंगाल सरकारचे! कलकत्त्यातला मुकुल नावाचा लहान मुलगा रात्री उठून चित्रं काढतो. किल्ला, मोर, लढाई. म्हणतो, मागच्या जन्मी मी सोन्याच्या किल्ल्यात राहत होतो. एक डॉक्टर त्याला घेऊन राजस्थानात जातात, गुप्तधनाच्या वासाने दोन बदमाश मागे लागतात, आणि त्यांच्या मागे फेलूदा हा डिटेक्टिव्ह. सोबत त्याचा चुलतभाऊ तोपशे आणि रहस्यकथा लिहिणारे लालमोहनबाबू ऊर्फ जटायू. उंट बाभळीचे काटे निवडून खातो का, ही जटायूंची गंभीर शंका ऐकून मी सोफ्यावरून पडायचा बाकी होतो. पुढे मंडळी उंटावर बसून आगगाडीचा पाठलाग करतात. आता कॉम्प्युटरवर असा सीन दोन दिवसांत होईल, पण तिथे खरी वाफेची गाडी आहे, खरे उंट आहेत, आणि उंटांवर हाडं खिळखिळी झालेले खरे नट आहेत.

शेवटी मुकुल किल्ल्यात पोचतो आणि गल्ल्यांतून चालायला लागतो. इथे मी ओरडलो, "थांब, मागे घे!" ती गल्ली मला पाठ आहे. पण पडद्यावर ती ओळखूच येईना. गच्च्यांवर काळ्या टाक्या नाहीत, केबलची जाळी नाही, रूफटॉप कॅफेची पाटी नाही. पडक्या भिंती, दगड, सावली. बस्स. आम्ही तो भाग तीनदा पाहिला. मित्र म्हणाला, "अरे, या सिनेमानंतर सगळे बंगाली तिकडे जायला लागले. माझे आजोबासुद्धा." आणि मला आठवलं, किल्ल्यात गाईड लोक पडक्या घराकडे बोट दाखवून 'मुकुल का घर' म्हणतात. तेव्हा मला वाटलं होतं मुकुल म्हणजे कोणीतरी सरदार असणार!

आता थोडा इतिहास. रावळ जैसल या भाटी राजपुताने 1156 साली त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. वाळवंटात किल्ला बांधून खायचं काय? तर व्यापार. सिंध आणि त्यापलीकडच्या मुलखांतून येणारे-जाणारे उंटांचे तांडे इथे थांबायचे, पाणी घ्यायचे, जकात भरायचे. आज आपण ज्या पटव्यांच्या हवेल्यांसमोर सेल्फी काढतो, त्या 19 व्या शतकातल्या याच पैशाच्या.

हा पैसा आटला कसा, त्यात आपल्या मुंबईचा हात आहे. माळव्यातली अफू ब्रिटिशांचं नियंत्रण चुकवून पाली, जैसलमेर या वाटेने कराचीला जायची आणि तिथून समुद्रमार्गे चीनकडे. 1843 साली ब्रिटिशांनी सिंध घेतला आणि ही वाट बंद झाली. तो माल मुंबई बंदराकडे वळला. पुढे रेल्वे आली, तीही जैसलमेरला बाजूला ठेवून. मुंबई फुगत गेली, जैसलमेर सुकत गेलं. उरलंसुरलं 1947 ने संपवलं. सिंध दुसऱ्या देशात गेला आणि ज्या गावाचं पोट रस्त्यावर होतं, त्याचा रस्ताच पुढे तुटला. 1965 च्या युद्धानंतर साठीच्या दशकाच्या अखेरीस रेल्वे एकदाची पोकरणहून जैसलमेरला पोचली, ती सीमेच्या गरजेपोटी. व्यापारासाठी नाही.

त्याच सुमारास राय इथे पहिल्यांदा कॅमेरा घेऊन आले होते, 1969 च्या 'गूपी गाइन बाघा बाइन'साठी. त्यातलं उंटांवरचं सैन्य इथलंच. सुनील दत्तांचा 'रेश्मा और शेरा' (1971) याच वाळूतला. आणि मग 1974. मे महिन्यात पोकरणला अणुचाचणी झाली, डिसेंबरात 'शोनार केल्ला' लागला. एकाच रेल्वेमार्गावरच्या दोन गावांची नावं एकाच वर्षात, किती वेगळ्या कारणांनी गाजली! आठशे वर्षं तांड्यांवर जगलेल्या गावाला नवे तांडे मिळाले. आता उंटांऐवजी मंकीटोप घातलेली बंगाली कुटुंबं, मग परदेशी पाहुणे, मग आमच्यासारखी कॉलेजची टोळकी.

इथवर गोष्ट गोड आहे. पण सिनेमा संपल्यावर मला झोप लागेना, कारण मला माझी आंघोळ आठवली.

पहिल्या ट्रिपला आम्ही किल्ल्यातल्याच एका हॉटेलात उतरलो होतो. समच्या टेकड्यांवरून उंटावर बसून परतलो तेव्हा केसांत, कानात, सगळीकडे वाळू. शॉवरखाली मी सावकाश अर्धा तास उभा होतो. गरम पाणी येत होतं, मी गाणी म्हणत होतो. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हा प्रश्न आठ इंजिनिअरांपैकी एकालाही पडला नाही.

पूर्वी पाणी बायका खालच्या गडीसर तलावावरून डोक्यावर आणायच्या. कोण ते अर्धा तास अंगावर ओतेल? वर्षाचा पाऊस जेमतेम दोनशे मिलीमीटरच्या आसपास. तो वाहून नेण्यासाठी 'घूट नाली' नावाची व्यवस्था होती आणि ती पुरेशी होती. नंतर इंदिरा गांधी कालवा जिल्ह्यात पोचला, नळ आले, आणि नळांच्या भरवशावर गेस्ट हाऊस आली. सांडपाणी नाल्यांत, गळक्या पाइपांत आणि तिथून टेकडीच्या पोटात. वर दगड असला तरी टेकडीत मातीचे मऊ थर आहेत. ते भिजले की सरकतात, आणि त्यांच्यावर उभे असलेले, चुन्याशिवाय नुसते दगडात दगड अडकवून रचलेले बुरूज बाहेर झुकतात. काही बुरूज ढासळलेसुद्धा. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत हा किल्ला 1996, 1998 आणि 2000 असा तीनदा घातला. 2013 साली राजस्थानच्या आणखी पाच किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. म्हणजे आणखी पाहुणे, आणखी शॉवर.

हापिसात आम्ही रोज हेच बघतो. थोड्या लोकांसाठी लिहिलेली सिस्टीम सगळ्यांना आवडते, मग सगळे तिच्यावर चढतात आणि एक दिवस सर्व्हर झोपतो. फरक एवढाच की सर्व्हर रीस्टार्ट करता येतो.

या डिसेंबरात मी चौथ्यांदा जाणार आहे. बुकिंग किल्ल्यातलंच होतं, नेहमीच्या ठिकाणी. रविवारी सकाळी मी मालकांना फोन केला. सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ, मी त्यांना काकासा म्हणतो. म्हटलं, या वेळी खाली गावात उतरीन म्हणतोय, किल्ल्यावर पाण्याचा भार नको. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बेटा, आप नीचे रहोगे तो पानी बचेगा, ठीक है. पर मैं क्या बेचूँ? मेरे दादा के पास ऊँट थे, मेरे पास यही तीन कमरे हैं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शंभर-सव्वाशे वर्षांत दोनदा, कुठल्या तरी दूरच्या निर्णयाने या लोकांचं पोट तुटलं होतं. आता तिसऱ्यांदा ते तोडायला पुण्यातून एक इंजिनिअर सदिच्छेने फोन करत होता. सिनेमातल्या मुकुलचं बरं होतं. किल्ला पाहून झाल्यावर त्याला कलकत्त्याला घरी जायचं होतं, आणि तो गेला. मीही दरवेळी पुण्याला परत येतो. काकासांसारखी काही हजार माणसं आजही त्या किल्ल्यात राहतात, त्यांचं घरच ते. भिंत त्यांच्या अंगावर पडणार आहे आणि भाडंही त्यांचंच बुडणार आहे.

शेवटी मधला मार्ग काढला. झोपायला आणि आंघोळीला खाली, रोजचा नाश्ता आणि जेवण वर काकासांच्या घरी, पैसे देऊन. त्यांनी हसून 'हुकम' म्हटलं. याने ना किल्ला वाचणार, ना त्यांची तीन खोल्यांची गणितं सुटणार, हे मला कळतं. खरं काम गटारांचं आहे आणि ते माझ्या हातात नाही.

सिनेमा मात्र जरूर बघा. आणि किल्ल्यात उतरलातच, तर बादलीने आंघोळ करा, एवढीच विनंती.