पडलेल्यांना उचलावे कोणी? : कार्थेज, इ. स. २५१

लॅटिनमधील ‘लाप्सी’ ह्या शब्दाचा सरळ अर्थ ‘पडलेले’ असा होतो. मराठीत त्यासाठी ‘पतित’ हा शब्द तयारच आहे. माणसाच्या चुकीला पडण्याची उपमा दोन्ही भाषांनी दिली. पण पडलेल्याला कोणी, केव्हा आणि कोणत्या अटीवर उचलायचे, ह्याचे उत्तर त्या शब्दात नाही. ख्रिस्ती मंडळीला हे उत्तर तिसऱ्या शतकाच्या मध्यात, उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे शोधावे लागले. ‘प्रेमाने वागावे’ हा उपदेश व्यवहारात किती अवघड असतो, हे पाहण्यासाठी आम्हांला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो.

इ. स. २४९च्या अखेरीस रोमन सम्राट डेसियसने प्रजेने देवतांना बळी अर्पण करावा, असे फर्मान काढले. अर्पण केल्याचा दाखला अधिकाऱ्यांसमोर मिळवायचा होता. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. सगळ्यांचा साचा एकच : आपण देवतांना नेहमीच भजत आलो, आताही तुमच्यासमोर अर्पण केले आणि नैवेद्य चाखला, तरी तशी नोंद व्हावी. आजच्या सरकारी अर्जासारखीच ही कोरडी भाषा आहे. त्या कोरड्या ओळींवर असंख्य ख्रिस्ती जनांची श्रद्धा पणाला लागली.

काही जण तुरुंगात गेले, काही मारले गेले. रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५०मध्ये हुतात्मा झाला. पुष्कळांनी मात्र वेदीची वाट धरली. कोणी बळी दिला, कोणी नुसता धूप जाळला, तर कोणी लाच देऊन केवळ दाखला मिळवला. छळ ओसरू लागताच हीच माणसे परत दाराशी आली.

त्यांच्याविषयी निर्णय देण्याचे काम बिशप सिप्रियनकडे आले. तो पूर्वाश्रमीचा वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक. बिशप होऊन त्याला फार काळ लोटला नव्हता. शिवाय छळाच्या काळात तो स्वतः अज्ञातवासात होता. तेथून तो पत्रे आणि गरिबांसाठी पैसे पाठवीत असे, तरीही ‘मेंढपाळ पळाला’ अशा अर्थाचा सूर रोमहूनही उमटला होता. ज्याच्या स्वतःच्या धैर्याविषयी शंका घेतली गेली, त्यानेच इतरांच्या भित्रेपणाचा न्याय करायचा होता.

त्याच्यापुढे दोन सोप्या वाटा होत्या. तुरुंगात यातना सोसलेल्या साक्षीदारांना मंडळीत मोठा मान होता. ते पतितांना ‘शांतिपत्रे’ देऊ लागले. कधी तर ‘अमुक आणि त्याच्या घरची माणसे’ एवढ्या मोघम शब्दांत. एका चिठ्ठीने गेलेली श्रद्धा दुसऱ्या चिठ्ठीने परत मिळू लागली. दुसरी वाट रोममधील नोव्हेशियनची. त्याच्या मते अशांना मंडळीचे दार कायमचे बंद. त्यांनी पश्चात्ताप करावा, पण क्षमा मंडळीने देऊ नये, देवावर सोपवावी.

सिप्रियनने दोन्ही नाकारल्या. २५१ साली लिहिलेल्या ‘दे लाप्सिस’ ह्या प्रबंधात तो वैद्याची उपमा वापरतो. चिघळलेली जखम वरून झाकली की रुग्णाला बरे वाटते, पण विष आतच राहते. घाईची क्षमा ही त्याला अशी मलमपट्टी वाटते. त्याच वर्षीच्या परिषदेत ठरले, की केवळ दाखला घेतलेल्यांना चौकशी करून परत घ्यावे; प्रत्यक्ष बळी दिलेल्यांनी दीर्घ प्रायश्चित्त घ्यावे, मात्र मृत्युशय्येवर त्यांना विन्मुख पाठवू नये. पुढे नव्या छळाची चिन्हे दिसताच प्रायश्चित्त घेणाऱ्यांना लगेच सामावून घेण्यात आले. संकटाच्या तोंडावर माणसाला मंडळीबाहेर निःशस्त्र ठेवणे त्याला अन्यायाचे वाटले.

अँटोनियानस नावाच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात त्याची दृष्टी अधिक स्पष्ट होते. आपण होऊन वेदीकडे धावलेला आणि दीर्घकाळ झगडून शेवटी नमलेला, ह्या दोघांना एकाच मापाने मोजू नये, असे तो सांगतो. बायकामुलांना आणि घरादाराला वाचवण्यासाठी एकट्याने बळी दिलेला माणूस तर आणखी निराळा. साहित्याच्या अभ्यासकाला ही दृष्टी ओळखीची वाटेल : कृती तीच, पण माणूस तोच नव्हे.

ह्या भूमिकेला नव्या करारात आधार होता. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात चुकलेल्या भावाशी आधी एकांतात, मग एकदोन साक्षीदारांसह आणि त्यानंतरच मंडळीसमोर बोलण्याचा क्रम आहे. तेथे ऐकले नाही तर त्याला परक्यासारखा, जकातदारासारखा मानावे, असे सांगितले आहे. आणि लगेचच किती वेळा क्षमा करावी, हा पेत्राचा प्रश्न येतो. ज्याच्या नावे हे शुभवर्तमान आहे तो मत्तय स्वतः जकातदार होता, हे विसरून हा अध्याय वाचता येणार नाही. पौलही करिंथच्या पहिल्या पत्रात एका अपराध्याला दूर करावयास सांगतो. दुसऱ्यात एका अपराध्याला दुःखाने खचू न देता जवळ करा म्हणतो. दोघे एकच की निराळे, ह्यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण शिक्षेला कोठेतरी शेवट हवा, हा मुद्दा त्याने बाधित होत नाही.

नोव्हेशियनचा पंथ पुढे काही शतके टिकला. ३२५ सालच्या निकिया परिषदेतील त्याच्या अकेसियस नावाच्या बिशपविषयी इतिहासकार सॉक्रेटिसने एक आख्यायिका नोंदवली आहे. त्याचा कठोर नियम ऐकून सम्राट कॉन्स्टंटाइनने त्याला शिडी लावून एकट्यानेच स्वर्गात चढण्याचा सल्ला दिला म्हणे. आख्यायिकेतील विनोदात एक गंभीर टीका आहे : निर्दोषांचाच समाज करायचा ठरवले, तर शेवटी समाजच उरत नाही.

सिप्रियनचा १४ सप्टेंबर २५८ रोजी शिरच्छेद झाला. ह्या वेळी तो मृत्यूला सामोरा गेला. परंतु त्याचे मोठेपण आम्हांला केवळ त्या मृत्यूत दिसत नाही. पडलेल्यांपैकी प्रत्येकाचे म्हणणे निराळे ऐकून घेण्याचे किचकट, वेळखाऊ आणि दोन्हीकडून दूषणे देणारे काम त्याने टाळले नाही. सरसकट क्षमेला आणि सरसकट बहिष्काराला माणसाकडे पाहावे लागत नाही. प्रेमाला पाहावे लागते.